खोडी सांगून दिलेला एअर मार्शल

— नाही नाही, त्या खुर्चीत नको, ती त्याची आहे, तिच्यात दुसरं कुणी बसून गेलं की त्याला नुसतं बघून कळतं — इथं बसा, पंख्याखाली, स्वल्प इकडं सरका. हां. ती दोघं गच्चीवर गेलीत, बोलू दे निवांत. मुलगा-मुलगी एकमेकांशी बोलतात तोवर मोठ्या माणसांनी खाली बसून व्यवहाराचं बोलून घ्यायचं, ही रीतच आहे. आता मुलगा एकाहत्तरचा, मुलगी सहासष्टची, आणि मोठी माणसं कोण, तर एक मी आणि एक तुम्ही — हसताय काय? तुम्ही मुलीकडचे. मुलीचा मुलगा असलात म्हणून काय झालं, मुलीकडचं म्हणून दुसरं आलंय कोण? शंतनुराव, तुमचं वय काय असेल ते असू दे, तुमच्या कंपनीत तुम्हाला काय म्हणतात तेही असू दे, आज तुम्ही सुनंदाबाईंचे वडील आहात असं धरून चाला. मी हणमंतराव, मुलाचा थोरला भाऊ, म्हणजे मीपण बापाच्याच जागी. झालं, बसली बैठक. पोहे खा. गंगव्वा पोह्यांत खोबरं लई घालते, मी शंभरदा सांगितलं, तिला मराठी येत नाही म्हणते, सुट्टी मागताना मात्र स्वच्छ येतं.

हे बघा, गच्चीवर जायच्या आधी तो मला बजावून गेलाय — ‘दादा, तू फक्त चहा विचार. माझ्याबद्दल काही विचारलंच तर हो, चांगला आहे, एवढंच म्हण.’ एअर मार्शल झाला म्हणून मला हुकूम सोडतो! ह्याला परसाकडं बोट धरून नेणारा मी. म्हटलं, सरी, बरं. पण मी गप्प बसू कसा, सांगा? आमचं घर गुरांच्या बाजारातलं. चिकोडीच्या बाजारात आमचे वडील बैलांचे दलाल, आणि तालुक्यात त्यांचं नाव कशावरून? खोड सांगून बैल देणारा माणूस, यावरून. गिऱ्हाईक आलं की बाकीचे दलाल बैलाची पाठ थोपटायचे, शिंगांना तेल चोळायचे. आमचा बाप आधी म्हणायचा, हा पाण्याला बुजतो, हा उतारावर बसतो, ह्याच्या डाव्या अंगानं गेलं की लाथ घालतो — आता बघा, पाहिजे तर न्या. आणि न्यायचे हो लोक! एक बैल कधी परत आला नाही. तेव्हा मीपण तेच करणार. गुण तुम्ही फोनवर बघितलेच असतील — पदकं, फोटो, दिल्लीतली मोठी मोठी माणसं बाजूला. ते मी सांगत नाही. मी खोडी सांगतो. सगळ्या ऐका, आणि तरी पसंत पडला तर पुढचं बोलू. हे जमायला पाहिजे बरं का, शंतनुराव. मागचं एक स्थळ मोडलं. का मोडलं ते — ते नंतर. आधी पोहे.

पहिली खोड. ही तुमच्या घराच्या दृष्टीनं वाईट आहे, म्हणून आधी सांगतो. तो गुरांना भितो. भितो म्हणजे कसा — आमच्या दारात नेहमी पाच-सहा जोड्या बांधलेल्या, आणि हा दलालाचा पोरगा, वासरू शिंकलं तरी पळत सुटायचा. एकदा एक खिलार दावं तोडून आलं, हा जो चिंचेवर चढला तो दिवस कलला तरी खाली नाही; आई खालून भाकरी दाखवतेय आणि हा वरून विचारतोय, ‘बैल कुठाय?’ वडिलांनी कपाळाला हात लावला, म्हणाले, हे पोरगं जमिनीवर राहून पोट भरायच्या लायकीचं नाही. त्याच सुमाराला विजापूरची सैनिक शाळा पोरं घेत होती, मास्तरांनी ह्याला परीक्षेला बसवलं, हा पास झाला. लोकांना वाटतं ह्याच्या शिक्षणासाठी मी माझी शाळा सोडली, रान विकलं. काही विकलं नाही. मी चौथीत शाळा सोडली ती मास्तर मारायचे म्हणून. मागं एक पेपरवाला आला होता, ‘थोरल्या भावाचा त्याग’ असं मनात धरूनच आलेला. मी म्हटलं, लिही, मास्तर मारायचे. नाही छापलं बघा त्यानं. आणि ते पेपरात येतं ना, लहानपणापासून आकाशाची ओढ — कसली ओढ? बैलाला भिऊन वर गेला आणि रिटायर होईपर्यंत खाली आला नाही, एवढीच त्याची कथा.

आणि ह्या माणसानं तुमच्या आईंना काय सांगावं — मला जनावरांची फार आवड आहे! जन्मभर गुरांची डॉक्टर म्हणून गोठे तुडवलेल्या बाईला! मला तर ऐकून घाम फुटला. इथं बंगळूरच्या रस्त्यात गाय बसलेली दिसली की हा गाडी मागं घेतो. मारतहळ्ळीच्या नाक्यावर दही आणायला गेलेला माणूस व्हाइटफील्डला वळसा घालून येतो, दह्याचं ताक होतं गाडीत. ही खोड मी आजच सांगणार होतो, म्हटलं लग्न झाल्यावर कळलं तर — काय? हसता कशाला? — काय म्हणता! आईंना ठाऊक आहे? कधीपासून? — पहिल्या दिवसापासून! अहो, तो तर मला म्हणाला, सकाळी फिरताना ओळख झाली. फिरताना! म्हणजे आमच्याच गेटसमोर गाय बसलेली, आणि हा आतल्या अंगाला वॉचमनच्या पाठीमागं उभा, आणि तुमच्या आईंनी येऊन तिला थाप मारून उठवली — आणि ह्यानं सॅल्यूट ठोकला? कुणाला, आईंना की गाईला? — दोघींना. बरं. बरं झालं सांगितलंत. ह्या खोडीचा निकाल लागला मग.

दुसरी. डूख धरतो. तेव्हा नवीन नवीन फायटर पायलट झालेला, मिशा जेमतेम फुटलेल्या. बाजाराचा दिवस, चिकोडीत पाय ठेवायला जागा नाही, आणि हा विमान घेऊन कुठून कुठं चालला होता मला विचारू नका, सरकारी काम होतं म्हणे — तर हा बाजारावरून गेला. वरून म्हणजे किती वरून? माझं मुंडासं उडालं एवढ्या वरून. विमान पुढं गेलं आणि आवाज मागनं आला, आणि त्या आवाजानं अख्ख्या बाजारातल्या जनावरांनी दावी तोडली. एक बैल तहसीलदाराच्या कचेरीत शिरला, एक कुणाच्या लग्नाच्या मांडवात, एक तर नदीपलीकडं सापडला, पोहून गेला का पूल चढून, देव जाणे. मी आणि वडील दिवसभर लोकांचे बैल गोळा करत फिरतोय. आणि वडिलांना राग यावा की नाही? बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, त्यांनी पोराला झाडावर चढवलं, पोरानं त्यांना रानोमाळ केलं, फिटलं आता. — ही गोष्ट तुम्ही कुठं बोलू नका हं. वरच्यांना अजून माहीत नाही. एअर मार्शलचेसुद्धा जुने कागद उकरतात म्हणे. मी मेला बोलून बसलो. असं करा, झालंच नाही असं धरा. दुसराच कुणी पायलट होता. पोहे घ्या अजून, लाजू नका.

तिसरी — उंची. तुम्हाला पाच फूट दहा इंच सांगितलीय ना? खोटी. होती पूर्वी. पंजाबात होता तेव्हा विमानाचं इंजिन मेलं, गावावर पडू नये म्हणून त्यानं ते शेवटपर्यंत वळवत नेलं आणि मग स्वतः बाहेर पडला. बाहेर पडला म्हणजे दार उघडून नव्हे. खुर्चीखाली दारू भरलेली असते, प्यायची नव्हे, तोफेची, ती उडते आणि खुर्चीसकट माणूस आभाळात. खालून असा दणका बसतो की मणके एकात एक जाऊन बसतात. आमचा योगीराज वर गेला पाच फूट दहाचा आणि खाली आला बोटभर कमी होऊन. तेव्हापासून पँटी जमिनीवर लोळतात, पण आखूड करून घेणार नाही. म्हणतो, ‘दादा, मणके कधीतरी परत सुटतील.’ अजून वाट बघतोय!

आणि उतरला कुठं, तर उसात. गावची माणसं काठ्या घेऊन धावली, बघतात तर मिशावाला, तोंड धुरानं काळं, अंगावर कसले कसले पट्टे — म्हणाले, शत्रूचा हेर! बांधला बाजेला. हा इंग्रजी बोलायला लागला तर दोर जास्तच आवळला. हिंदी बोलला तर ती विजापूरची हिंदी, त्यांना काही हिंदी वाटेना. शेवटी ह्याचं डोकं फिरलं आणि ह्यानं घरची शिवी हासडली, आमच्याकडची, अर्धी मराठी अर्धी कन्नड, आईपासून सुरू होते आणि शेजाऱ्याच्या म्हशीपर्यंत जाते. तर त्या गर्दीत एक ट्रकवाला सरदारजी होता, निपाणीला तंबाखू भरायला येणारा. तो ओरडला, ‘अरे सोडा त्याला! ही शिवी मी निपाणीच्या नाक्यावर खाल्लीय, हा आपलाच आहे!’ मग काय, पराठे, लस्सी, वारा घालायला चार माणसं. हेलिकॉप्टर शोधत आलं तेव्हा हा त्याच बाजेवर पोटभर जेवून घोरत होता. सरकारी कागदात काय लिहिलं माहीत आहे? ‘स्थानिक लोकांनी सहकार्य केलं.’

चौथी खोड रोजची आहे, म्हणून नीट ऐका. ह्या घरात हवाई दल फार आहे. सकाळी गंगव्वाला ओट्यापुढं उभी करून ब्रीफिंग चालतं — आज हवा कशी, आज भाजी घेवड्याची, कुकरनं शिटी दिली नाही तर पहिलं काय करायचं, गॅस संपला तर दुसरा मार्ग कोणता. ती ‘सरी सर, सरी सर’ करते आणि वांग्याची करते. गाडी काढायची तर आधी गाडीला प्रदक्षिणा — चाकाला लाथ, काचेवर टिचकी, खाली वाकून कुठं काही ठिबकतंय का ते बघणार — आणि जायचं कुठं, तर कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला! शिवाय डाव्या बाजूला बसलेल्यानं ‘डावी मोकळी!’ असं मोठ्यांदा म्हणायचं, त्याशिवाय गाडी वळत नाही. ते मी रोज म्हणतो. पुढं तुमच्या आईंना म्हणावं लागेल. लागेलच, कारण मी तर — ते राहू द्या.

आणि त्याला विमानात नेऊ नका. प्रवासी म्हणून बसताच येत नाही. नीला होती तेव्हा — नीला म्हणजे त्याची पहिली बायको, लई गुणाची, लवकर गेली, पोरंबाळं नाहीत — ती प्रवासभर त्याचा हात घट्ट धरून बसायची. लोकांना वाटायचं काय प्रेम! प्रेम कसलं, त्याचा हात बटणं शोधत फिरू नये म्हणून. मागं आम्ही दोघं हुबळीला गेलो. उतरताना विमान जरा आपटलं. सगळी माणसं उतरली, हा दारात उभा, हलेना. म्हणतो, पायलटला बाहेर येऊ दे, मला दोन शब्द बोलायचेत. छाती काढून, मिशीला पीळ देऊन उभा. पायलट बाहेर आली, तुमच्यापेक्षा लहान पोरगी. ह्याच्याकडं बघून म्हणाली, ‘अंकल, व्हीलचेअर मागवू का?’ — हा तसाच वळला नि उतरला. येताना रेल्वेनं आलो आम्ही.

पाचवी — थांबा. ऐकलंत? तेजस विमान गेलं ते. मला काय कळतंय, त्यानं शिकवलं आवाजावरून ओळखायला, मी झोपेतसुद्धा ओळखतो आता. काय म्हणत होतो — पाचवी. नाही, ही खोड नव्हे. त्याच्या हाताखालची दोन पोरं एकदा गेली ती परत आली नाहीत. कुठली लढाई, काय, तो सांगत नाही आणि मी विचारलं नाही. त्या दोघांच्या आयांना हा दर दिवाळीला फोन करतो. आणि फोन करायच्या आधी दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, उभा राहून बोलतो. फोनवर कोण बघतंय शर्ट? पण घालतो. — हे मी सांगितलं म्हणू नका त्याला. हे गुणात जातं, गुण मी सांगणार नव्हतो.

आता शेवटची. सगळ्यात मोठी आणि मी ती मागं ठेवली. आमचा बाप असता तर कानाखाली काढली असती. ती खोड म्हणजे मी. त्याला घेतलं की मी बरोबर येतो. म्हणजे येत होतो — आता नाही, ऐका तर. नीला गेली त्यानंतर हा गाडी घेऊन चिकोडीला आला, आत पण आला नाही, दारातूनच म्हणाला, ‘दादा, बॅग भर, इंजिन चालू आहे.’ खरंच चालू ठेवलं होतं. तसा मी बंगळूरला आलो, ते इथंच. मग ते मागचं स्थळ. म्हैसूरच्या बाई, कॉलेजात प्रिन्सिपल होत्या, माणूस चांगलं. सगळं जमत आलेलं. हॉटेलात इडली खाताना त्यांनी विचारलं, ‘लग्नानंतर तुमचे भाऊ कुठं राहतील?’ विचारण्यात चूक काय होती सांगा? पण हा उठला, ‘थँक यू, मॅडम’ म्हणाला आणि चालू लागला. पानात अर्धी इडली टाकून! ज्या माणसानं जन्मात कढीपत्ता टाकला नाही, त्यानं! मी पलीकडच्या टेबलावर होतो. मला म्हणाला, चटणी आंबली होती. चटणी मीपण खाल्ली होती, शंतनुराव. उत्तम होती.

तर सांगायचं काय, की तुमच्या आईंची ओळख झाल्यापासून हा आंघोळ करताना शीळ घालतो. सूर नाही, ताल नाही, पण घालतो. नीला गेल्यापासून हे ऐकलं नव्हतं. तेव्हा आईंनी तो प्रश्न विचारायच्या आधीच मी उत्तर देऊन ठेवतो; म्हणून तुम्हाला खाली बसवून घेतलंय, पोह्यांसाठी नव्हे. मी गावी चाललो. घर आहे की माझं. चांगलं घर. परस आहे, दारात रस्ता आहे, रस्ता तर एवढा जवळ — म्हणजे त्या रस्तेवाल्यांनी, मुडदा बशिवला त्यांचा, पुढच्या दोन खोल्या रस्त्यातच घेतल्या, माजघर अर्धं कापलं, आणि मागची भिंत राहिली होती तीही त्या पावसाळ्यात बसली, न्हाणीघर तेवढं — तर घर आहे. आहे म्हणजे जागा आहे. न्हाणीघर पक्कं आहे, दगडी.

असं बघू नका माझ्याकडं. राहतात माणसं. ती बघा बॅग दाराशी, भरून तयार. तुम्ही हो म्हटलं की मी बसस्टँडवर. त्याला सांगायचं, दादा आपणहून गेला, हट्टी म्हातारा, कुणाचं ऐकतोय — तुम्हीपण तसंच सांगा. एवढं काम करा माझं. — अहो, राहू द्या, हात लावू नका तिला, जड आहे, तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या पाठी आधीच —

हलकी आहे. होय. पहिल्यापासून सामान कमी माझं. — उघडू नका म्हणतोय ना! — उघडलीत. टॉवेल आहे. हो, एकच. खाली पेपर कोंबलेत, फुगलेली दिसावी म्हणून. काय करू? रोज भरायला घेतो, धोतरं काढतो, घड्या घालतो आणि परत कपाटात ठेवतो. गंगव्वा हसते. पण आज भरणार. आज नक्की, तुमच्यादेखत भरतो, आणा इकडं — कुठं निघालात? अहो शंतनुराव! तिकडं माझी खोली आहे, पसारा आहे आत! — अहो, कपाटावर कशाला टाकताय, माझा हात पोचत नाही तिथं! मला काढता यायची नाही ती!

मुद्दाम टाकलीत.

हे बघा, घाई करू नका. आईंना विचारा आधी. मला घरात घ्यायचं म्हणजे — मी घोरतो, दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालतो, मीठ कमी पडलं की ताट सरकवतो, एकदा बोलायला लागलो की — माझ्या खोडी तुम्ही ऐकल्याच कुठं? — ऐकल्या? कधी? आत्ता? — अहो, मी तर त्याच्या सांगत होतो!

काय? हळू बोलू नका, ह्या कानानं कमी येतं. आईंनी काय सांगून पाठवलंय? — ‘त्यांना मी बघितलंय, तू दादांना बघून ये’? — मला? म्हणजे योगीराज आधीच पसंत? आणि आजचा बघायचा कार्यक्रम — आणि त्यानं त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मी आणि दादा असं एकत्रच? आणि त्या हो म्हणाल्या? न बघता? — नाही, बघायला तुम्हाला पाठवलं. बरोबर.

अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! मी अंगात नुसती बंडी घालून बसलोय तासभर! दाढी नाही केलेली! बाजारावरून विमान नेल्याचं सांगून बसलो, शिवी सांगितली, न्हाणीघर सांगितलं — गंगव्वा! माझा सदरा कुठाय, तो पांढरा, इस्त्रीचा? — ऐकलं का, जिना वाजला. आले ते. शंतनुराव, ती बटणं लावा हो माझी. वरचं राहू दे, गळा आवळतो. हां. तिकडं बसा, लांब बसा जरा, आत्ताच आल्यासारखे. आणि आता एक शब्द बोलू नका. मीपण नाही बोलत.